डॉ. विष्णु माधव घाटगे : भारतीय विमानाचे शिल्पकार

राइट बंधूंचे पहिले उड्डाण १९०३ सालचे; परंतु त्याचे साक्षीदार मोजकेच होते आणि युरोपातील जाणकारांचा त्यावर विश्वास नव्हता. ऑगस्ट १९०८ मध्ये विल्बर राइटने फ्रान्समध्ये लोकांसमक्ष विमान उडवले, हवेत वळवले, पुन्हा जागेवर आणून उतरवले, तेव्हा शंकेखोरांची तोंडे बंद झाली. त्याच वर्षी २४ ऑक्टोबर रोजी कोल्हापूर भागातील हसूरचंपू या खेड्यात विष्णु माधव घाटगे यांचा जन्म झाला. गडहिंग्लजकडचा हा मुलूख म्हणजे हिरण्यकेशीचे खोरे. येथील बाजारात मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा सारख्याच सहजतेने कानावर पडतात. पुढे ज्यांचे सारे कर्तृत्व बंगळूरला फुलले, त्या माणसाचा जन्म अशा दुभाषी मातीत व्हावा, ही गोष्ट आपल्यासारख्या दोन भाषांत वावरणाऱ्या वाचकांना विशेष जवळची वाटेल.

मुंबईत शिक्षण घेऊन घाटगे जर्मनीस गेले ते ग्योटिंगेन विद्यापीठात. गणित आणि पदार्थविज्ञान यांची ती त्या काळची पंढरीच. तेथे लुडविग प्रांटल हे हवेच्या प्रवाहाच्या शास्त्राचे आचार्य होते. घाटगे त्यांचे शिष्य झाले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

प्रांटल यांनी काय केले हे थोडक्यात सांगितल्याशिवाय घाटगे यांच्या पुढच्या कामाचा अर्थ लागत नाही. एकोणिसाव्या शतकातील गणिती हवा पूर्णपणे निसरडी आहे असे धरून हिशेब करीत, आणि त्या हिशेबाने वाऱ्यात धरलेल्या वस्तूला काहीच विरोध होत नाही असे विचित्र उत्तर येई. प्रत्यक्षात तर छत्री घेऊन वाऱ्यात निघालेल्या माणसालाही विरोध कळतो. प्रांटल यांनी १९०४ मध्ये दाखवून दिले की, हवेचा चिकटपणा वस्तूच्या पृष्ठभागालगतच्या अगदी पातळ थरात आपला प्रभाव गाजवतो. त्या थराबाहेर तो जवळपास विसरता येतो. या थराला सीमास्तर म्हणतात. हा थर पंखाला चिकटून राहिला तर विमान उचलले जाते. पंख फार तिरका झाला की थर सुटतो, उचल एकाएकी कमी होते आणि विमान खाली बसते. वैमानिक यालाच स्टॉल म्हणतात. उचल, विरोध आणि स्टॉल या तिन्ही गोष्टी कागदावर मांडण्याची विद्या प्रांटल यांच्या घरची होती, आणि ती घेऊन घाटगे मायदेशी परतले.

परतले खरे, परंतु करायचे काय? १९३० नंतरच्या त्या दशकात भारतात विमाने उडत होती. १९३२ पासून टाटांची टपाल-विमानसेवा चालू होती, मोठ्या शहरांतून फ्लाइंग क्लब निघाले होते. मात्र विमान तयार करणारा एकही कारखाना देशात नव्हता. विमानाची आकृती काढणाऱ्या माणसाला येथे कामच नव्हते. आपल्याकडे विद्वान परदेशी जाऊन शिकतात आणि परत येत नाहीत, अशी तक्रार आज आपण करतो. घाटगे यांच्या पिढीची अडचण उलटी होती. विद्या घेऊन माणूस परत आला होता, पण तिला ठेवायला देशात जागा नव्हती.

ती जागा दुसऱ्या एका मराठी मुलखातील माणसाने निर्माण केली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या भागीदारीने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. महायुद्ध पेटले होते, आणि विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाची यंत्रसामग्री व माणसे वालचंदांच्या हाती लागली होती. घाटगे आरंभापासून या कारखान्यात आले. ऑगस्ट १९४१ मध्ये तेथे जुळणी केलेले पहिले हार्लो शिक्षण-विमान उडाले. त्याची आकृती अमेरिकन होती. परंतु त्याच सुमारास घाटगे यांनी दहा माणसे बसतील असे इंजिनविरहित विमान, म्हणजे ग्लायडर, स्वतः आखले आणि ते कारखान्यात बनले. त्याचे नाव जी-१. एकच नग तयार झाला आणि पुढे त्याचे उत्पादन झाले नाही. तरीही भारतीय माणसाने शास्त्रशुद्ध गणिताने आखलेले आणि भारतातच बांधलेले विमान म्हणून त्याचा मान पहिला आहे.

युद्धाने पुढचा बेत उलटवला. जपान ब्रह्मदेशापर्यंत आले, १९४२ मध्ये सरकारने कारखान्याचा कारभार हाती घेतला आणि पुढच्या वर्षी तो अमेरिकन हवाई दलाच्या दुरुस्तीच्या कामास जुंपला गेला. नवी विमाने आखण्याचे काम थांबले. कारागिरांचे मात्र नुकसान झाले नाही. दुरुस्तीसाठी आलेली शेकडो विमाने उघडताना अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा कसा वाकवावा, रिव्हेट कशी ठोकावी, भेगा कोठे पडतात, हे त्यांच्या बोटांना कळले. ही शिदोरी पुढे उपयोगी पडली.

याच काळात घाटगे यांनी दुसरे महत्त्वाचे काम केले. डिसेंबर १९४२ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विमानविद्येचा विभाग सुरू झाला, त्याची उभारणी त्यांच्या हातून झाली. तेथे वातविवर, म्हणजे ठरावीक वेगाने वारा वाहवून त्यात विमानाची प्रतिकृती टांगून मापे घेण्याचे बंदिस्त दालन, तयार झाले. विमान आधी लहान आकारात वाऱ्यात धरावे आणि मगच मोठ्या आकारात आकाशात सोडावे, ही ग्योटिंगेनची शिस्त अशा रीतीने कर्नाटकात आली.

युद्ध संपले, अमेरिकन निघून गेले आणि विमान-कारखान्यापुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. तेव्हा तेथे रेल्वेचे डबे बनू लागले! हसण्यासारखी वाटली तरी ही गोष्ट शहाणपणाची होती, कारण त्यामुळे कारागीर टिकले. शिवाय पर्सिव्हल प्रेंटिस हे इंग्रजी शिक्षण-विमान परवान्याने बांधण्याचे कामही मिळाले. या प्रेंटिसची एक कथा विमानविद्येच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. हे विमान गिरकीत, इंग्रजीत ज्याला स्पिन म्हणतात त्या अवस्थेत, सापडले की त्यातून नीट बाहेर निघेना. शेवटी त्याच्या पंखांची टोके वर वळवून दोष काढावा लागला. जाणत्या इंग्रज कंपनीची ही गत, तर नवख्यांनी किती सावध असायला हवे!

१९४८ मध्ये घाटगे यांच्या नेतृत्वाखाली नव्या विमानाची आखणी सुरू झाली. त्याचे नाव एच.टी.-२, म्हणजे हिंदुस्तान ट्रेनर. हवाई दलात उमेदवारांना उड्डाणाचे पहिले धडे देणारे टायगर मॉथ हे लाकूड, कापड आणि तारांचे दुपंखी विमान १९३१ सालचे होते. त्याची जागा घेणारे सर्व धातूचे, खालच्या बाजूस एकच पंख असलेले विमान हवे होते.

शिक्षण-विमान म्हणजे सोपे काम, असा सर्वसाधारण समज असतो. मला तर ते लढाऊ विमानापेक्षा एका अर्थी अधिक कठीण वाटते. लढाऊ विमान निष्णात माणसाच्या हाती जाते. शिक्षण-विमान ज्याला काहीच येत नाही अशा मुलाच्या हाती द्यायचे असते, आणि तो करील त्या सर्व चुका त्याने सोसायच्या असतात. तो नको तेव्हा दांडा ओढणार, वेग घालवणार, सुकाणूवर वेडावाकडा पाय देणार. विमानाने यावर रागावता कामा नये. पण चूक झाली आहे हे त्याला जाणवू मात्र दिले पाहिजे. फार भोळे विमान शिष्याला काहीच शिकवत नाही आणि फार खोडकर विमान त्याचा जीव घेते. या दोहोंमधली जागा गणिताने शोधायची असते.

शिवाय अशा विमानाला हवाई कसरतीही करता आल्या पाहिजेत. कोलांटी, लोळण, गिरकी या केवळ प्रेक्षकांच्या गमतीच्या गोष्टी नव्हेत. विमान उलटे झाले असता गोंधळून न जाण्याची सवय त्यांतूनच लागते. कोलांटीच्या तळाशी विमान वर वळते तेव्हा पंखांना त्याच्या वजनाच्या तिप्पट-चौपट भार पेलावा लागतो. एच.टी.-२ चे उड्डाणाच्या वेळचे वजन सुमारे एक हजार किलो. म्हणजे त्या क्षणी पंखांच्या मुळाशी चार टनांचा भार येणार. गिरकीचा प्रश्न तर याहून गुंतागुंतीचा. एका बाजूचा पंख दुसऱ्यापेक्षा अधिक स्टॉल झाला की विमान भोवऱ्यासारखे फिरत खाली येते. अशा वेळी गिरकीच्या उलट दिशेला सुकाणू दाबायचे आणि दांडा पुढे ढकलायचा. पण हे सारे त्या सुकाणूला वारा लागत असेल तरच! शेपटीचा आडवा पंख जर सुकाणूच्या आड आला, तर शिष्याने कितीही शर्थ केली तरी व्यर्थ. म्हणून शेपटीचे भाग एकमेकांपासून किती अंतरावर आणि किती उंचीवर ठेवायचे यावर माणसाचे प्राण अवलंबून असतात. प्रेंटिसचे उदाहरण तर डोळ्यांसमोर त्याच कारखान्यात होते.

ऑगस्ट १९५१ मध्ये एच.टी.-२ प्रथम आकाशात गेले. कारखान्याचे चाचणी वैमानिक कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ते उडवले. पहिल्या नगास जिप्सी मेजर हे इंग्रजी इंजिन होते. फेब्रुवारी १९५२ मध्ये उडालेल्या दुसऱ्या नगास १५५ अश्वशक्तीचे सिरस मेजर बसवले, आणि पुढे तेच कायम झाले. इंजिन परदेशी होते ही गोष्ट झाकण्याचे कारण नाही. विमान आखणे आणि इंजिन आखणे या दोन वेगळ्या विद्या आहेत; दुसरी आपल्याला पुढील कित्येक दशके सतावत राहिली. परंतु पंख, धड, शेपटी आणि त्यांचे परस्परांशी असलेले नाते हे सगळे बंगळूरचे होते.

या विमानाचे दीडशेहून अधिक नग बांधले गेले. हवाई दल, नौदल आणि नागरी शिक्षण संस्था यांनी ते वापरले. १९५९ मध्ये घाना देशाने आपले हवाई दल उभारले तेव्हा त्याला एच.टी.-२ ही बारा विमाने भारताने दिली. स्वातंत्र्य मिळून बारा वर्षे झालेल्या देशाने नुकत्याच स्वतंत्र झालेल्या दुसऱ्या देशाला स्वतः आखलेली विमाने द्यावीत, यातील अभिमान आजही अनाठायी वाटत नाही. भारतीय हवाई दलात वैमानिकांच्या पिढ्यांनी उड्डाणाची मुळाक्षरे याच पाटीवर गिरवली. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस दीपक हे विमान पूर्णपणे स्थिरावेपर्यंत ते सेवेत होते.

येथे थोडे विषयांतर करतो. सुरत, पुणे यांसारख्या शहरांतून हौशी तरुण आज रेडिओने चालणारी मोठी कसरती विमाने बांधतात आणि रविवारी मोकळ्या मैदानात उडवतात. अमेरिकेतील हौशी मंडळींच्या संकेतानुसार एकपंखी प्रतिकृतीचा विस्तार ८० इंच किंवा अधिक असला की तिला जायंट स्केल म्हणतात. एवढा मोठा आकार कशासाठी? केवळ मिरवण्यासाठी नव्हे. विमान लहान केले तरी हवा लहान होत नाही. पंखाची रुंदी आणि वेग यांच्या गुणाकाराचे हवेच्या चिकटपणाशी जे प्रमाण असते, त्याला रेनॉल्ड्झ अंक म्हणतात. पाव आकाराचे विमान पाव वेगाने उडवले तर हा अंक सोळा पटींनी घटतो. इवल्याशा पंखाला हवा जणू काकवीसारखी दाट लागते, सीमास्तर लवकर सुटतो आणि प्रतिकृती खऱ्या विमानासारखी वागत नाही. जितकी ती मोठी, तितकी ती खऱ्याच्या जवळ. वातविवरात प्रतिकृती टांगून मापे घेणाऱ्या घाटगे यांच्यासारख्यांना हाच अंक पदोपदी सांभाळावा लागतो.

एच.टी.-२ चा पंखविस्तार १०.७२ मीटर. पाव प्रमाणात तो सुमारे २.७ मीटर, म्हणजे १०५ इंच होईल. वजन घनाच्या नियमाने चौसष्टाव्या हिश्शावर, सोळा किलोच्या आसपास येईल. आजच्या कसरती प्रतिकृतींत इंजिनाचा जोर वजनापेक्षा अधिक ठेवतात, त्यामुळे त्या पंख्यावर लटकून हवेत उभ्या राहू शकतात. एच.टी.-२ ला ही चैन नव्हती. हजार किलो वजनाला १५५ अश्वशक्ती. कोलांटी मारायची तर आधी सूर मारून वेग मिळवायचा आणि तो जपून खर्च करायचा. जर्मनीचे एक्स्ट्रा किंवा अमेरिकेचे एज ही विमाने हौसेने बांधणाऱ्या तरुणांनी एकदा आपले एच.टी.-२ बांधून पाहावे. कसरतीतला काटकसरपणा त्यांना तेथे शिकायला मिळेल.

पुढच्या वर्षांत घाटगे यांच्या हाताखाली पुष्पक आणि कृषक ही दोन हलकी विमाने तयार झाली. पुष्पक १९५८ मध्ये उडाले आणि फ्लाइंग क्लबांचे लाडके झाले. कृषक पुढच्याच वर्षीचे, ते सैन्याच्या टेहळणीस उपयोगी पडले.

मग आला लढाऊ विमानाचा प्रश्न. सरकारला ध्वनीच्या वेगाकडे झेपावणारे विमान हवे होते, आणि त्यासाठी १९५६ मध्ये जर्मनीचे नामांकित विमानकार कुर्ट टांक यांना बंगळूरला आणले गेले. घरचा माणूस असताना बाहेरचा का, असे येथे कोणाच्याही मनात येईल. मला मात्र हा निर्णय गैर वाटत नाही. टांक यांनी महायुद्धात हजारोंच्या संख्येने बांधले गेलेले लढाऊ विमान आखले होते. तो अनुभव भारतात कोणापाशीच नव्हता. त्यांच्या कामाला लागणारा कारखाना आणि आकृती काढणारे तरुण भारतीय मात्र घाटगे यांच्या तालमीत तयार झालेले होते. एच.एफ.-२४ मारुत या विमानाची पूर्ण आकाराची लाकडी प्रतिकृती प्रथम बांधली गेली. इंजिन नसलेले ते धूड डाकोटा विमानाने ओढत वर न्यायचे आणि सोडून द्यायचे. मग वैमानिक ते तरंगत खाली आणी. १९५९ पासून अशी अनेक उड्डाणे झाल्यावर १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी खरे मारुत उडवले. विमान देखणे व वाऱ्याला अनुकूल होते. परंतु त्याच्या योग्यतेचे इंजिन त्याला कधीच मिळाले नाही.

मारुतचा गाजावाजा चालू असतानाच घाटगे यांच्या नेतृत्वाखाली आणखी एक शिक्षण-विमान आकार घेत होते. हे किरण. एच.टी.-२ वर मुळाक्षरे गिरवलेल्या शिष्याला जेटच्या वेगाची ओळख करून देणारे, गुरू आणि शिष्य शेजारी शेजारी बसतील असे हे विमान ४ सप्टेंबर १९६४ रोजी उडाले. तेही सुरंजन दास यांनीच उडवले. पुढच्याच महिन्यात हिंदुस्तान एअरक्राफ्टचे रूपांतर हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये झाले आणि १९६५ साली घाटगे यांना पद्मश्री मिळाली.

एवढे काम केलेल्या माणसाचे नाव आपल्या महाविद्यालयात किती जणांना ठाऊक असेल? याउलट १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी मनुष्यविरहित विमान उडवल्याची कथा बहुतेकांनी ऐकलेली असते. तळपदे हे खरोखर होऊन गेलेले, जिज्ञासू आणि संस्कृतचे व्यासंगी गृहस्थ होते. त्यांच्या खटपटीची टिंगल करण्याचे कारण नाही. परंतु त्या उड्डाणाचे एकही माप, एकही आकृती, एकही विश्वसनीय समकालीन नोंद उपलब्ध नाही. त्यांच्या नावाशी जोडला जाणारा वैमानिक शास्त्र हा ग्रंथ बंगळूरजवळच्या आनेकलच्या सुब्बराय शास्त्री यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सांगितलेला. १९७४ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या विमान आणि यंत्र अभियांत्रिकी विभागांतील पाच संशोधकांनी तो तपासला. ग्रंथ प्राचीन नाही आणि त्यात वर्णिलेली विमाने उडूच शकत नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी आकडेमोडीनिशी मांडला. यांपैकी विमानविद्येचा विभाग तोच, ज्याचा पाया १९४२ मध्ये घाटगे यांनी घातला होता! तळपद्यांची कथा मराठी आणि शास्त्रींची कानडी. दोन्ही भाषांना त्या सारख्याच प्रिय. घाटगेही दोन्ही भाषांचे. त्यांच्या विमानाचे मात्र वजन सांगता येते, वेग सांगता येतो, नग मोजता येतात. कथेला मोजमाप लागत नाही म्हणून ती दूरवर जाते आणि मोजून मापून केलेले काम कारखान्याच्या दप्तरात राहते, हे मला खटकते.

६ डिसेंबर १९९१ रोजी डॉ. घाटगे यांचे निधन झाले. तोवर एच.टी.-२ निवृत्त झाले होते. किरण मात्र जोरात होते. १९९६ मध्ये हवाई दलाने सूर्यकिरण हे कसरतींचे पथक उभारले, त्यासाठी किरणचीच सुधारलेली आवृत्ती निवडली. नऊ विमाने पंखाला पंख भिडवून एकदम कोलांटी घेत आहेत, हे दृश्य लाखो लोकांनी २०११ पर्यंत डोळे भरून पाहिले. बंगळूरच्या विमानपुरा भागात कारखान्याच्या सभागृहाला डॉ. घाटगे यांचे नाव आहे. त्याच भागातून जाणारा रस्ता सुरंजन दास यांच्या नावाचा आहे. १९७० च्या जानेवारीत मारुतची चाचणी घेताना त्यांना मृत्यू आला.